‘कॉर्पोरल क्लेग’ : टिंगल नेमकी कुणाची?

रानवारा
युद्धावरच्या गाण्यांच्या यादीखाली काल एका सदस्याने लिहिलं, ‘पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं कॉर्पोरल क्लेग म्हणजे पाय गमावलेल्या सैनिकाची नशेत केलेली टवाळी, यादीतून काढा.’ चार ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

गाणं १९६८चं, ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ या अल्बममधलं, बँडमधल्याच रॉजर वॉटर्सने लिहिलेलं. त्याचे वडील फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. पोरगं तेव्हा पाच महिन्यांचं. गाण्यातल्या सैनिकाचा, क्लेगचा, पायही १९४४ मध्येच जातो. हे साल वॉटर्सने उगाच घातलं असेल? पदक त्याला सापडतं प्राणिसंग्रहालयात, राणीच्या हातून मिळतं ते स्वप्नात. १९४४ मध्ये ब्रिटनच्या गादीवर राणी नव्हे, राजा सहावा जॉर्ज होता. म्हणजे युद्ध संपून वर्षं लोटली तरी हा माणूस कौतुकाची वाट बघतोय. लोक त्याच्या बायकोला म्हणतात, अभिमान वाटत असेल ना, आणि वर जिनचा पेला देतात. गाणं टवाळी करतं ती या लोकांची, क्लेगची नाही.

खडकीची_लेक
ज्यांच्या घरात कृत्रिम पाय नाही त्यांना असली व्यंगं परवडतात. माझ्या बाबांचा डावा पाय सुरुंगात गेला, गुडघ्याखाली. पुण्यात वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवला. ते केंद्रही १९४४चंच, तुम्हाला सालांची आवड आहे म्हणून सांगते. संध्याकाळी पाय काढला की पायाच्या उरलेल्या टोकावरचे फोड पुसायचं काम माझं. उन्हाळ्यात घामाने पाय सटकायचा, म्हणून बाबा लग्नांना जायचे बंद झाले. यातलं काय आहे त्या गाण्यात? क्लेगच्या तोंडी स्वतःचं म्हणावं असं जवळजवळ काहीच नाही. सगळे त्याच्याबद्दल बोलतात आणि शेवटी काझूची पिपाणी वाजवतात. वडील गेल्याचं वॉटर्सचं दुःख खरं, पण त्याने दुसऱ्याच्या तुटक्या पायावर गाणं करायचा परवाना मिळत नाही. आणि जॉर्जची बायको राणीच होती.

रानवारा
राणीचा मुद्दा तुमचा, घ्या. पण क्लेगला कुणी बोलू देत नाही हेच तर गाणं सांगतंय. बँड, जल्लोष, पिपाणी, सगळं इतरांचं. तुमचे बाबा लग्नाला जायचे बंद झाले, तेव्हा किती जणांनी विचारलं?

खडकीची_लेक
माझ्या बाबांना तुमच्या मुद्द्यात ओढू नका.

जुनी_तबकडी
भांडताय कशावर? बँडचा मुख्य गायक-गीतकार सिड बॅरेट बाजूला पडला आणि बँड चाचपडत होता त्या काळातलं हे गाणं. गिटारवादक गिलमोर जानेवारी १९६८ मध्ये आला. सुरुवातीची जड गिटार सोडली तर गाणं नुसता गोंगाट. वॉटर्सला वडिलांबद्दल नीट लिहायला १९८३चा ‘द फायनल कट’ अल्बम यावा लागला. आणि तोही मला कंटाळवाणाच वाटतो.

माणगावचा
गाणं राहू द्या. इटलीत १९४४ला आपलेही होते. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात पुतळा आहे, हार पडतात. आणि जे जखमी होऊन परतले त्यांचं काय? माझा चुलता निवृत्त फौजी, गुडघा नोकरीत गेला. कागदावर शेरा काय, तर दुखणं सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेने वाढलेलंही नाही. डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. भरती करताना धडधाकट म्हणून घेतलात ना?

हिशेबनीस
प्रत्येक दुखण्याला पेन्शन देता येत नाही. पोट सुटून साखर वाढलेले अधिकारीही जाता जाता अपंगत्वाची टक्केवारी लावून घेतात. २०१९ मध्ये या पेन्शनच्या करसवलतीला कात्री लावणारं परिपत्रक निघालं ते याचमुळे. खऱ्या जखमींनाच त्याचा त्रास होतो.

माणगावचा
अधिकाऱ्यांचा राग शिपायावर का काढता? चुलता नाईक म्हणून निवृत्त झाला. दऱ्याखोऱ्यांत पाठीवर ओझं घेऊन वर्षानुवर्षं चढलेल्या माणसाचा गुडघा घरी बसून झिजला का? धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच झाला असं धरायचं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. तरी प्रत्येकाला सशस्त्र दल न्यायाधिकरणाची पायरी चढायला लावतात. दुखऱ्या गुडघ्याने.

हिशेबनीस
निकाल ठाऊक आहे. नाईकाच्या बाबतीत तुमचं खरं असेल. अधिकाऱ्यांबद्दल मी शब्द मागे घेणार नाही.

खडकीची_लेक
माणगावचा, काकांनी मेडिकल बोर्डाच्या कागदांची प्रत मागून घेतली का? बाबांच्या वेळी टक्के कमी लावले होते, अपिलात वाढले. भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवालही मागा, सगळं त्यावर ठरतं. मुंबईत न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, दिल्लीला जायची गरज नाही.

रानवारा, गाणं काल पुन्हा ऐकलं. बायकोला जिन देतात तो भाग आईला ऐकवला असता तर तिला पटला असता, एवढं मान्य. पिपाणी नाही.

माणगावचा
ताई, कागद मागितलेले नाहीत. सोमवारी अर्ज करतो. नमुना असेल तर व्यक्तिगत निरोपात पाठवा.