पेट्रोलमधलं इथेनॉल शाळेत मोजायचंय, आकडा थोडा कमी येतोय

वेंगुर्ल्याची बाई
दहावीला इथेनॉल शिकवताना पोरं नेमकं पंपावर अडकली. तिथे 'ई-२०' लिहिलंय, म्हणजे शंभरात वीस खरंच का? एकाचे बाबा तर ठाम, पावसात स्कूटर बंद पडते ती "त्या दारूमुळंच".

१०० मिलीच्या मोजपात्रात ५० मिली पेट्रोल, ५० मिली पाणी घेतलं आणि बूच लावून सावकाश उलटसुलट केलं. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर राहतं. खालच्या थराची रेघ ५९ च्या आसपास येते. वीस टक्के असेल तर ६० नको का? शिवाय मधे एक गढूळ पट्टा राहतो, त्यामुळे प्रत्येक पोर वेगळा आकडा वाचतं.

दुसरं म्हणजे, स्पिरिटच्या दिव्यात पेट्रोल घालून उष्णतेची तुलना करावी का? मला धीर होत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, "करा की, विज्ञान प्रदर्शनात उठून दिसेल." (पेट्रोल शिपाईमामांच्या गाडीतून नळीने काढलंय, पंपवाले बाटलीत देत नाहीत.)

जुनी प्रयोगशाळा, रत्नागिरी
बाई, दिव्याचं आधी सांगतो: अजिबात नको. उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटते. इथेनॉलला त्यासाठी निदान १३ अंश लागतात. त्यात ही वाफ हवेपेक्षा जड. टेबलावरून उतरून जमिनीलगत सरपटत शेजारच्या ज्योतीपर्यंत जाते. उठून दिसेल हे खरं, पण अग्निशमन दलाला. आणि नळी तोंडाने ओढली नाही ना कुणी? पेट्रोल छातीत गेलं तर जिवावर बेततं.

उष्णतेसाठी एका दिव्यात स्पिरिट (म्हणजे बहुतांशी इथेनॉलच), दुसऱ्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. पत्र्याच्या डब्यात १०० मिली पाणी, दिवा जाळण्याआधी आणि नंतर तोलायचा. पुस्तकात इथेनॉलला ग्रॅममागे २९.७ किलोज्यूल आणि आयसोप्रोपिलला ३३.४. तुमचं उत्तर निम्म्यावर आलं तरी चालेल, खिडकीतला वारा बाकीची उष्णता पळवतो. तीन बाजूंनी पत्रा उभा करा. क्रम बहुतेक बरोबर येईल. पेट्रोल ४६ च्या घरात आहे, ते फळ्यावरच लिहा. मग पोरांना विचारा, इथेनॉल मागे का? ४६ ग्रॅम इथेनॉलमध्ये १६ ग्रॅम ऑक्सिजनच असतो, म्हणजे ते थोडंफार आधीच जळून आलेलं इंधन. ई-२० ला ॲव्हरेज जरा कमी पडतं ते यामुळेच. ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न पडू देण्याची ताकद, मात्र इथेनॉलचा पेट्रोलपेक्षा जास्त.

आता तुमचा ५९. साध्या पाण्याऐवजी १० टक्के मिठाचं पाणी घ्या, गढूळ पट्टा बराच आवरतो. शिरोड्याची मिठागरं तुमच्याच तालुक्यात, मीठ कुठून आणायचं ते मी काय सांगू! ब्राझीलमध्ये पंपावर हीच चाचणी करतात: ५० मिली पेट्रोल, ५० मिली मीठपाणी, खालचा थर जितका वाढला त्याची दुप्पट अधिक एक. तुमची वाढ ९, म्हणजे १९ टक्के. तो 'एक' का? थोडं इथेनॉल वर पेट्रोलमध्येच राहतं, आणि पाण्यात मिसळताना आकारमानही घटतं. निव्वळ इथेनॉल ५० आणि पाणी ५० मिसळलं तर शंभर भरत नाही, ९६-९७ वरच थांबतं. हे आधी करून दाखवा, पोरं पात्राला भोक शोधतात. रेघ वाचण्यात अर्ध्या मिलीची चूक म्हणजे उत्तरात एक टक्का, तेव्हा १९ घेऊन पंपावर भांडायला जाऊ नका.

इंजिनवालो, मालवण
माका केमिस्ट्री कळना नाय, इंजिनां कळतत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढली काय मी पयली टाकी रिकामी करतंय. अर्धी टाकी तशीच ठेवली तर आत पाणी धरता. ता पाणी एकटा नाय, इथेनॉलाक घेवन तळाक बसता. मगे इंजिन सुरू जाता आणि थंयच मरता. त्या पोराच्या बापाशीक सांगा, आधी टाकीच्या झाकणाचो रबर बघ.

वेंगुर्ल्याची बाई
सर, मीठपाण्याने पट्टा गेला, आभार. पण मग नुसत्या दमट हवेनेही तसं होतं का? आमच्याकडे जुलैत भिंतीही ओल्या असतात.

जुनी प्रयोगशाळा, रत्नागिरी
झाकण नीट असेल तर हवेतून तेवढं पाणी सहजी येत नाही. दहा टक्केवालं पेट्रोल आपल्या तापमानाला अर्धा टक्का पाणी पोटात ठेवतं, वीसवालं त्याहून जास्त. रबरातून शिरलेला पाऊस मात्र हिशेब बिघडवतो. परीक्षानळीत पेट्रोल घेऊन ड्रॉपरने थेंब थेंब पाणी सोडा आणि हलवत राहा. गढूळ होण्याच्या जरा आधी थांबून नळी बर्फात धरा, तिथल्या तिथे धुरकट होईल. गारव्यात पाणी धरायची ताकद घटते. खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्या तासाला वर्गात ज्योत नको.

इंजिनवालो, मालवण
बाईनु, वरचा पेट्रोल फेकू नकात, गॅरेजवाल्याक द्या, चेनी धुवक होता. गाडयेत मात्र घालूचा नाय. इथेनॉल गेला काय ऑक्टेन उतारता, इंजिन ठोकूक लागता. खालचा खारा पाणी बेसिनात वतू नकात, त्यातय पेट्रोल आसता.