‘फिओना’ हे नाव अस्सल स्कॉटिश म्हणावे काय?

शब्दवेध (मूळ लेख):
स्कॉटलंडमध्ये १९७५ साली मुलींच्या नावांत ‘फिओना’ पहिल्या दहांत होते; आज ते पहिल्या शंभरांतही नाही. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतले एक नाव लोपत चालल्याची हळहळ त्यामुळे व्यक्त होते, परंतु मला ती अस्थानी वाटते, कारण हे नाव जुने नाहीच. जेम्स मॅकफर्सन यांनी १७६० च्या दशकात ओसियन या प्राचीन कवीच्या रचना म्हणून जे काव्य छापले आणि जे बव्हंशी त्यांचे स्वतःचेच होते, त्यात हे नाव येते. पुढे स्कॉटलंडमधील पेझली गावचे लेखक विल्यम शार्प यांनी १८९४ पासून ‘फिओना मॅक्लाउड’ या टोपणनावाने लेखन केले, तिची म्हणून जाणारी पत्रे बहिणीच्या हस्ताक्षरात लिहवून घेतली आणि १९०५ मध्ये मृत्यू येईपर्यंत हे गुपित जपले. नावाला खरी लोकप्रियता लाभली ती त्यानंतर. ‘फिओन’ म्हणजे गोरा, उजळ, हा शब्द गेलिक आहे, पण त्यापुढचा ‘आ’ लॅटिन वळणाचा आहे.

ओसरी:
आपली माहिती मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ऑस्कर हे जुन्या कथांतले नाव युरोपभर पसरले ते मॅकफर्सन यांच्याच काव्यामुळे. नेपोलियनला ते काव्य इतके प्रिय होते की आपला सेनापती बर्नाडोट याच्या मुलाला त्याने ऑस्कर हेच नाव सुचवले आणि तो मुलगा पुढे स्वीडनचा राजा पहिला ऑस्कर झाला. म्हणून तिथल्या ऑस्करांना आपण बनावट म्हणणार का? ज्या नावाने आईने हाक मारली, शाळेत हजेरी झाली आणि लग्नाच्या नोंदवहीत सही झाली, ते नाव त्या बाईपुरते आणि तिच्या समाजापुरते खरेच असते.

शब्दवेध:
व्यक्तीच्या नावाला मी खोटे म्हणत नाही. माझे दुःख वेगळे आहे. स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसच्या किल्ल्यासमोर फ्लोरा मॅकडॉनल्डचा पुतळा आहे: एक हात कपाळावर धरून ती दूर पाहते आहे आणि पायाशी कुत्रा आहे. १७४६ मध्ये, पराभवानंतर लपत फिरणाऱ्या स्टुअर्ट घराण्यातील राजपुत्र चार्ल्सला दासीच्या वेशात स्काय बेटावर नेणाऱ्या या स्त्रीचे गेलिक नाव ‘फ्यूनघल’ होते. ‘फिओन’ याच शब्दापासून झालेले हे खरे जुने नाव इंग्रजीत ‘फ्लोरा’ झाले आणि विसरले गेले. हळहळायचेच तर त्यासाठी हळहळावे.

पायवाट:
फिओनाच्या घसरणीचे कारण मला व्युत्पत्तीत दिसत नाही. एका पिढीत वर्गोवर्गी आढळणारे नाव पुढच्या पिढीला आईचे किंवा मावशीचे वाटते, म्हणून ते टाळले जाते. आता आयला आणि एली (Eilidh) ही नावे चालतात.

शब्दवेध:
एलीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. गेलिक लेखनात शेवटी न उच्चारली जाणारी अक्षरे असूनही पालक ते आवडीने ठेवतात. मग फ्यूनघल का परत येऊ नये?

ओसरी:
जरूर यावे, मला आनंदच होईल. मात्र एली हे नावही ग्रीक हेलेनचे गेलिक रूप मानले जाते. गेलिक भाषेने ते आपल्या जिभेवर घोळवून आपलेसे केले, आणि फिओनाला हाच न्याय आपण का नाकारता, हे मला अजून कळलेले नाही.