निळ्या कॅलिफोर्नियातली लाल गावं: तक्रार खरी की रडीचा डाव?

घाटवळण

गेल्या महिन्यात सॅन होजेहून पोर्टलंडला गाडीने गेलो. वायरीकाच्या आसपास हमरस्त्यालगत एक गवताचं गोदाम दिसतं. त्याच्या छपरावर भलीमोठी अक्षरं: स्टेट ऑफ जेफरसन. बायको म्हणाली, "अजून कॅलिफोर्नियातच आहोत ना आपण?"

(लाल म्हणजे लाल बावटा नव्हे, बरं का. अमेरिकेत २००० च्या निवडणुकीपासून लाल रंग रिपब्लिकनांना चिकटला, निळा डेमोक्रॅटांना.)

जेफरसन म्हणजे उत्तर कॅलिफोर्निया आणि दक्षिण ओरेगन तोडून करायचं वेगळं राज्य. ही भानगड जुनी आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये वायरीकाच्या लोकांनी शिकारीच्या बंदुका घेऊन रस्ता अडवला आणि गाडीवाल्यांच्या हातात पत्रकं दिली: आम्ही दर गुरुवारी राज्यातून फुटणार! राग होता रस्त्यांवरचा. डोंगरात तांबं आणि लाकूड होतं, ते बाहेर काढायला धड रस्ता नव्हता. झेंड्यावर सोनं चाळायची परात आणि दोन फुल्या, म्हणजे इंग्रजीतलं 'डबल क्रॉस', दोन्हीकडून फसवलेले. डिसेंबरात पर्ल हार्बर झालं आणि सगळं जागच्या जागी विरलं. २०१३ मध्ये वायरीकाच्याच सिस्किऊ काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) मंडळाने फुटून निघण्याचा ठराव ४ विरुद्ध १ ने केला, तेव्हा त्याच फुल्या पुन्हा बाहेर आल्या.

आपण बे एरियातले देशी या लोकांना सरसकट 'ट्रम्पवाले' म्हणून मोडीत काढतो. मला ते पटत नाही. १९९० मध्ये जुन्या जंगलात राहणाऱ्या ठिपकेवाल्या घुबडाला संरक्षण मिळालं, १९९४ च्या वन आराखड्याने सरकारी जंगलातली तोड आणखी घटली, एकामागून एक लाकडाच्या गिरण्या बंद पडल्या. शास्ता धरण इथे आणि त्याचं पाणी जातं दक्षिणेच्या शेतीला. आणि आता २०२५ चा प्रस्ताव ५० (खासदारांच्या मतदारसंघांचे नवे नकाशे, राज्यभरच्या मतदानात मंजूर झालेले): मोडॉक, सिस्किऊ, शास्ता या काउंट्या उचलून मरिनच्या मतदारसंघात टाकल्या. मरिन म्हणजे गोल्डन गेट पुलापलीकडचे बंगले! लाकूडतोड्याचा आणि त्या बंगलेवाल्यांचा खासदार एकच?

माझं म्हणणं असं की राज्याच्या सेनेटमध्ये निदान काही जागा काउंटीवार असाव्यात, पूर्वी होत्या तशा. नाहीतर या गावांनी जन्मभर मत द्यायचं आणि जन्मभर हरायचं.

उंबरठा

घाटवळण, प्रवासवर्णन झकास, मागणी मात्र अजिबात मान्य नाही.

'पूर्वी होत्या तशा' म्हणजे कशा, तेही लिहायचंत की. १९२६ नंतर एका काउंटीला जास्तीत जास्त एक सेनेटर असा नियम होता. लॉस एंजेलिस काउंटीच्या ६० लाख लोकांना एक सेनेटर, आणि डोंगरातल्या तीन काउंट्यांच्या मिळून १४ हजार लोकांनाही एकच. म्हणजे डोंगरातल्या एका माणसाचं मत शहरातल्या चारशे माणसांइतकं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार देशभर बंद केला. 'आमदार माणसांचं प्रतिनिधित्व करतात, झाडांचं किंवा एकरांचं नव्हे' हे त्या निकालातलंच वाक्य.

गंमत म्हणजे ते लिहिणारे सरन्यायाधीश अर्ल वॉरन वाढले बेकर्सफील्डमध्ये, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९४८ मध्ये त्यांनी याच काउंटीवार सेनेटची बाजू घेतली होती. पुढे मत बदललं. तुम्हीही बदला.

दुसरं, पुराणमतवादी मतदार म्हणजे छोटी गावं हे समीकरणच कच्चं आहे. २०२० मध्ये ट्रम्पना कॅलिफोर्नियात ६० लाख मतं पडली, टेक्सासपेक्षाही जास्त. त्यातली ११ लाखांवर एकट्या लॉस एंजेलिस काउंटीतली. मोडॉकमधली? तीन हजारांच्या आसपास. त्या ११ लाखांसाठी कुणी छपरावर अक्षरं रंगवत नाही.

खवचट_पाहुणा

वेगळं राज्य केलं की दोन अमेरिकन सेनेटर मिळतात, हे मधाचं बोट विसरू नका. रस्त्यांचं दुःख वगैरे आपलं तोंडी लावायला.

तसंही राज्यघटनेप्रमाणे राज्याचं विधिमंडळ आणि काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद), दोघांची संमती लागते. १८५९ मध्ये कॅलिफोर्नियाचा दक्षिण भाग तोडायला विधिमंडळ आणि तिथले मतदार दोघेही तयार होते. काँग्रेसने फाइल उघडलीच नाही, तोवर यादवी युद्ध आलं. बसा आता गुरुवारची वाट बघत.

शास्ताकाठ

शास्ता काउंटीतल्या रेडिंगमध्ये अकरा वर्षं राहते. इथे कुणी येऊन आम्हाला गरीब बिचारे म्हणतं, कुणी अडाणी म्हणतं. दोन्हीचा कंटाळा आला आहे.

घाटवळण, तुमचा कनवाळूपणा जरा आवरा. २०२३ मध्ये आमच्या काउंटी मंडळाने मतमोजणी यंत्रांचं कंत्राट मोडलं आणि मतं हाताने मोजायचं ठरवलं. मी त्या सभांना जाऊन बसले आहे. बोलायला माणशी तीन मिनिटं, घड्याळ समोर, आणि मागच्या रांगेतून हुर्यो. निवडणूक कार्यालयात काम करणाऱ्या बायका, ज्यांना सगळं गाव वर्षानुवर्षं ओळखतं, त्यांना तोंडावर चोर म्हणत होते. काउंटीने ट्रम्पना २०२० मध्ये ६५ टक्के मतं दिली होती आणि संशय त्याच मोजणीवर! शेवटी राज्याने कायदाच केला की हजारावर नोंदणीकृत मतदार असतील तर नेहमीच्या निवडणुकीत सरसकट हातमोजणी करायची नाही. त्यावर ओरड काय, तर 'सॅक्रमेंटोची (राज्याच्या राजधानीची) दादागिरी'. ही दादागिरी त्या बायकांच्या उपयोगाची होती.

आणि तरीही. २०१८ ला 'कार' नावाची जंगलाची आग नदी ओलांडून शहरात घुसली तेव्हा आमच्या गल्लीतल्या ज्या माणसाने मला रात्री दार वाजवून उठवलं, माझं म्हाताऱ्या माणसांचं बिऱ्हाड आपल्या ट्रकमध्ये भरलं, त्याच्याच अंगणात त्या दोन फुल्यांचा झेंडा आहे. त्याच्याशी मी राजकारण बोलत नाही. आग विझवायला राज्यभरातून बंब आले होते, हे त्याला मी एकदा सांगितलं. तो म्हणाला, "आले होते, आणि मी त्यांना पाणी प्यायला दिलं." यावर काय बोलणार?

घाटवळण

शास्ताकाठ, ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यंत्रांच्या बाबतीत तुमचं बरोबर, ते मी धाग्यात घ्यायला हवं होतं.

पण उंबरठा, मतं चारशेपट करा असं मी कुठे म्हटलं? माझा मुद्दा विचारण्याचा आहे. क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडली. त्यातली तीन सिस्किऊ काउंटीत. तिथल्या मतदारांनी २०१० मध्येच सल्लामतात (बंधनकारक नसलेल्या मतदानात) प्रचंड बहुमताने पाडू नका म्हटलं होतं. २०२४ पर्यंत सगळी पाडलीच. त्यातल्या एका धरणामागच्या कॉपको तळ्याकाठी घरं बांधलेल्यांसमोर आता तळंच नाही.

उंबरठा

आता धरणांवर या. ती पाडायची परवानगी २०२२ मध्ये केंद्राच्या ऊर्जा आयोगाने दिली, सॅक्रमेंटोने नव्हे. धरणं एका खाजगी वीज कंपनीची होती, ती विजेसाठी होती, शेतीला त्यांचं पाणी नव्हतं. राज्याने पैसे घातले हे खरं, २५ कोटी डॉलर.

आणि 'विचारलं नाही' म्हणता, तर कारुक आणि युरोक या नदीकाठच्या आदिवासी लोकांना धरणं बांधताना कुणी विचारलं होतं? त्यांचं पोट सॅमन माशावर. २००२ मध्ये नदीच्या खालच्या अंगाला हजारो मासे तडफडून मेले. धरणं गेल्यावर त्याच शरद ऋतूत सॅमन वर चढून आले. नदीकाठचं छोटं गाव म्हणजे फक्त झेंडेवाल्यांचं गाव असं कुणी ठरवलं?

तेलाची_विहीर

मी बेकर्सफील्डला तेलाच्या कामात आहे. एक विनंती: आम्हाला जेफरसनच्या पाटीत कोंबू नका. तिथे जंगल, इथे तेल आणि द्राक्षं. आम्ही लाल आहोत, प्रतिनिधीगृहाचे माजी रिपब्लिकन सभापती केव्हिन मॅकार्थी इथलेच, पण काउंटीत निम्म्याहून जास्त लोक लॅटिनो आहेत. याच काउंटीतल्या डिलानोत १९६५ ला द्राक्षमजुरांचा संप पेटला. ३० च्या दशकात दुष्काळाने ओक्लाहोमाकडून लोंढे आले. त्यांना तेव्हा लोक गावात उभं करत नव्हते, आज त्यांचीच नातवंडं 'बाहेरचे नकोत' म्हणतात. (हे मी कॅन्टीनमध्ये बोलत नाही.)

मी स्वतः प्रस्ताव ५० च्या विरोधात मत दिलं. नकाशे राजकारण्यांच्या हातून काढून नागरिकांच्या आयोगाकडे द्यायला याच राज्याने मत दिलं होतं, २००८ मध्ये विधिमंडळाचे आणि २०१० मध्ये खासदारांचे. आधी टेक्सासने केलं म्हणून आपणही करायचं, हे शाळेतल्या पोरांचं झालं.

उंबरठा

टेक्सासने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ट्रम्पच्या सांगण्यावरून नकाशा फिरवला तेव्हा गप्प बसायचं का? आणि इथे निदान मतदारांना विचारलं. टेक्सासने कुणाला विचारलं? शिवाय हे नकाशे २०३० च्या जनगणनेपर्यंतच, मग काम पुन्हा आयोगाकडे.

तेलाची_विहीर

'तेवढ्यापुरतं' म्हणून लावलेला कर कधी गेलेला पाहिलाय का?

शास्ताकाठ

कराचं माहीत नाही, पण नकाशावर आमच्या काउंटीने मोठ्या फरकाने 'नाही' म्हटलं, आणि मीही. मी डेमोक्रॅट आहे, तरी. मरिनच्या बाजूने आलेल्या खासदाराला इथे कशासाठी यावंसं वाटेल? जागा त्याची तिकडच्या मतांवर पक्की. जुन्या व्यवस्थेत माझ्या मताचा खासदार कधी निवडून आला नाही, पण जो यायचा त्याला आमच्या शेतकी जत्रेत उभं राहून शिव्या तरी खायला लागायच्या.

घाटवळण

हेच, हेच म्हणत होतो मी!

शास्ताकाठ

नाही, तुम्ही सेनेटच्या जागा मागत होतात. मी फक्त जत्रेत यायला सांगते आहे.