माइल्स डेव्हिसचे पॅरिसमधले चित्रपटसंगीत
फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांच्या ‘एलिव्हेटर टू द गॅलोज’ या चित्रपटाला अमेरिकन जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने दिलेले संगीत चित्रपटाविना विस्कळीत वाटते, हे मत मला पटत नाही. डिसेंबर १९५७मध्ये पॅरिसच्या स्टुडिओत पडद्यावरची दृश्ये पाहत, मोजक्या पूर्वतयारीवर ते बहुतांशी उत्स्फूर्तपणे वाजवले गेले आणि म्हणूनच त्यातल्या विरामांनाही सुरांइतकेच वजन आहे. बऱ्याच वर्षांनी परवा रात्री, दादरची वर्दळ ओसरल्यावर, ते पुन्हा ऐकले, तेव्हा नायिका ज्यान मोरो प्रियकराला शोधत रस्त्यांवरून फिरते त्या तुकड्यात ट्रम्पेटचा सूर लांबत जाऊन प्रतिध्वनीत विरतो आणि त्याखाली पिएर मिशलोचा डबल बास संथपणे चालत राहतो, हे फार स्पष्ट जाणवले. (केनी क्लार्कचे तारांच्या ब्रशने केलेले ड्रमवादनही अवश्य ऐकावे.) सीडीच्या आवृत्तीत इतर टेकही (त्याच तुकड्यांची वेगळी ध्वनिमुद्रणे) मिळतात, ते लागोपाठ ऐकल्यास एकाच प्रसंगाकडे हे वादक किती निरनिराळ्या वाटांनी जातात, ते कळते.