प्रतिसाद: बरोबर रिक्वेस्ट पास होणं पुरेसं नाही
फॉर्ममधला डेटा कसा तपासायचा हे एआय एजंटला सांगणारं स्किल (म्हणजे लेखी सूचनांचा संच) बरोबर डेटाच्या सगळ्या रिक्वेस्ट पास झाल्या की चांगलं, हे वरचं मत पटलं नाही. मुद्दाम चुकीचा डेटा देऊन ते काय पकडतं, खरी परीक्षा तीच. आमच्या लातूरकडं सोयाबीन नोंदणीच्या फॉर्ममध्ये लोक सर्रास मराठी आकडे भरतात. पिनकोड ४१३५१२ असा देवनागरीत आला, तर रेजेक्समधला (मजकूर तपासायच्या पॅटर्नमधला) ‘बॅकस्लॅश डी’, म्हणजे ‘इथे एक अंक हवा’ ही खूण, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तो बिनदिक्कत स्वीकारतो, जावास्क्रिप्टमध्ये नाकारतो. पॅटर्न एकच, निकाल दोन! एजंटच्या स्किलला ही केस नक्की द्या, आणि तीसुद्धा पुन्हा पुन्हा, कारण एजंटचं उत्तर दर वेळी तेच येईल असं नसतं. शिवाय कुठल्या फील्डमध्ये कुठला नियम मोडला, हे रिपोर्टमध्ये हवंच. नुसतं ‘इनव्हॅलिड’ वाचून नोंदणी केंद्रावरचा ऑपरेटर समोरच्या शेतकऱ्याला काय सांगणार?