‘सांगलीचं भडंग’ कुणा एकाचं कसं काय?

कृष्णाकाठ: ओळखीच्या एका भडंगवाल्याला मोठ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आलीय. पाकिटावरचं ‘सांगली स्पेशल भडंग’ काढा, पाकिटाची रंगसंगती बदला, नाहीतर कोर्टात भेटू. माझ्या मते ही सरळसरळ दादागिरी आहे. गावाच्या आणि पदार्थाच्या नावाला कुलूप लावणारे हे कोण? यिप्पी नूडल्सच्या ‘मॅजिक मसाला’वरून आयटीसीने नेस्लेला मद्रास उच्च न्यायालयात खेचलं होतं, कारण मॅगीवर ‘मॅजिकल मसाला’ आलं. २०२० मध्ये आयटीसी हरली. असे कौतुकाचे शब्द कुणा एकाच्या मालकीचे नसतात, असं कोर्ट म्हणालं. मग ‘सांगली’ कशी होईल?

पाकीटवाला_कुपवाड: दादा, नावाचं पटलं. पण नोटिशीत रंगसंगतीपण आहे, ती तुम्ही एका ओळीत उरकलीत! मी पाकिटांची डिझाइनं करतो. लोक दुसऱ्याचं पाकीट टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, ‘सेम टू सेम पाहिजे, नाव तेवढं आपलं टाका.’ तोच लाल, तीच तिरकी पिवळी पट्टी, लसणाच्या पाकळ्या त्याच कोपऱ्यात. ही चोरीच की.

कृष्णाकाठ: भडंगाच्या पाकिटावर लसूण-मिरची नको तर काय हापूस आंबा छापायचा?

पाकीटवाला_कुपवाड: छापा की लसूण, कोपरा तोच कशाला? पारलेची केस वाचा, सुप्रीम कोर्ट, १९७२. एका पुड्यावर ‘ग्लुको बिस्किट्स’, दुसऱ्यावर ‘ग्लुकोज बिस्किट्स’. दोन्हीवर एक हात वर केलेली मुलगी, जवळ गाय, पुढे कोंबड्या, मागे कुंपणाचं घर. बारीकसारीक फरक होतेच. कोर्ट म्हणालं, दोन पुडे शेजारी ठेवून फरक मोजत बसायचं नसतं. एक पाहिलेल्या माणसाला दुसरा तोच वाटेल का, एवढं बघायचं.

किराणा_विश्रामबाग: आमच्याकडे नाव कोण वाचतंय? ‘ते लाल पाकीट द्या’ म्हणतात. आणि खरं सांगू का, नकलेवर दुकानदाराला मार्जिन जास्त सुटतं, म्हणून तीच पुढे सरकवली जाते. मोठी कंपनीसुद्धा कधीकाळी लहानच होती, नाव तिनंच कमावलंय. लहान आहे म्हणून तो बिचारा, हे काय पटत नाही बुवा.

अजिंक्यतारा: साताऱ्यात या राव. कंदी पेढ्याच्या प्रत्येक दुसऱ्या पाटीवर ‘मूळ’, ‘जुने’, ‘आमची कोठेही शाखा नाही’. त्यावाचून कुणाचं दुकान बंद पडलं नाही. गिऱ्हाईक आपला पेढेवाला ओळखतं. कोर्टकचेरीत वकील सोडून कुणाचं पोट भरत नाही.

काळा_कोट: पोटाचं राहू दे साहेब 😀 कायद्याचं सांगतो. माल कुठला, कसला हे नुसतं सांगणारी नावं १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम ९मुळे सहसा नोंदवता येत नाहीत. मात्र लांबच्या वापराने ते नाव एकाच्याच मालाची ओळख बनलं असेल तर येतात. पुष्कळदा नोंदणी अख्ख्या लेबलची असते आणि नोटीस त्यातल्या एका शब्दावरून धाडतात. तेव्हा आधी नोंदणीत नेमकं काय आहे ते काढा. दुसरं, आधी वापर कुणाचा? तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडई हलव्या’वरून भांडण झालं तेव्हा नोंदणी दोघांकडेही होती. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क वरचढ धरला. त्यामुळे जुनी बिलं, पाकिटांच्या छपाईच्या पावत्या, पेपरातल्या जाहिराती, सगळं गोळा करा. आणि उत्तर द्याच. गप्प बसलात तर समोरचा थेट जिल्हा न्यायालयात जाऊन तात्पुरता मनाई हुकूम मागेल, मग छापलेला माल गोदामात पडून राहतो.

हळदगाव: सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. ते कुणा एका कंपनीचं नसतं. भडंगवाल्यांनी एकत्र येऊन तसा अर्ज का करू नये?

किराणा_विश्रामबाग: भडंगवाले एकत्र? आधी लसूण किती घालायचा त्यावर एकमत करून दाखवा.

कृष्णाकाठ: त्याच्याशी बोललो. रंग आणि पट्टी बदलायला तो तयार आहे, ‘सांगली’ मात्र काढणार नाही म्हणतो. मीही त्याच्याच बाजूचा. नावावर मी ठाम आहे.

पाकीटवाला_कुपवाड: नावाबद्दल माझं कुठं काय म्हणणं होतं! लाल काढल्यावर खप किती उतरतो तेवढं इथं कळवा. गिऱ्हाईक त्याच्या चवीला येत होतं का दुसऱ्याच्या पाकिटाला, तेवढ्यावरच माझा वाद आहे.