डॉक्टर बदलतात, फाइल तीच
ईसीएचएस या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या सूचीतल्या खासगी रुग्णालयांची सरकारकडे थकलेली बिले हेच माजी सैनिकांच्या उपचारांतल्या हालाचे मूळ आहे, हे मत मला अर्धेच पटते. २००३ साली सुरू झालेल्या या योजनेच्या पॉलिक्लिनिकमधले, म्हणजे तिच्या स्वतःच्या दवाखान्यांतले, डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते कंत्राटी असतात. त्यामुळे जम बसतो न बसतो तोच माणूस बऱ्या पगाराची नोकरी पाहून निघून जातो, आणि खासगी रुग्णालयात जायचे तरी एरवी चिठ्ठी याच पॉलिक्लिनिकची लागते. माझ्या वडिलांच्या मधुमेहाच्या फाइलवर दोन वर्षांत चार डॉक्टरांची अक्षरे आहेत आणि प्रत्येकाने (सवयीने म्हणा) गोळ्या बदलल्या आहेत. साताऱ्यासारख्या फौजी परंपरेच्या जिल्ह्यात तरी मानधन आणि कराराची मुदत वाढवल्याशिवाय, नुसती बिले वेळेवर चुकवून हे थांबणार नाही.